तिसरीच्या वर्गातली चुळबुळ: बाक बदलावेत का, आणि कसे

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेच्या शाळेतला तिसरीचा वर्ग, पट ३८, खोलीत दोघांनी बसायचे १९ डेस्क-बेंच. पाच-सहा मुलं एका जागी पाच मिनिटंही टिकत नाहीत. डुलणारी स्टुलं आणि मोठ्या चेंडूंवर बसलेल्या मुलांचे व्हिडिओ पाहून बाईंना वाटतंय, आपल्याकडेही असं काही करावं. लोकसहभागातून २५ हजार रुपये जमताहेत. त्यातून काय घ्यावं?

ताई, खरेदीचं शेवटी बोलू. आधी हे ठरवू, की तुम्हाला नेमकं काय बदलायचंय. मूल हलतं ही अडचण आहे, की मुलाचं काम पुरं होत नाही ही? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाय हलवत, पेन्सिल चावत, अर्धवट उभं राहून जो मुलगा दहाच्या दहा वजाबाक्या बरोबर सोडवतो, त्याला स्थिर बसवायला गेलात तर वजाबाक्या चुकायला लागू शकतात, कारण त्याचं सगळं लक्ष स्थिर बसण्यातच खर्च होईल. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांवर केलेल्या अभ्यासात याच्याशी जुळणारं दिसलं होतं. ज्यांना अतिचंचलतेचं निदान झालेलं होतं, ती मुलं जितकी जास्त हलली तितकी डोक्यात माहिती धरून ठेवायची कामं त्यांना बरी जमली. बाकीच्या मुलांच्या बाबतीत मात्र उलटं घडलं, जास्त हलणाऱ्यांचं काम घसरलं. म्हणून सगळ्या वर्गाला डुलती स्टुलं दिली की सगळ्यांचं लक्ष लागेल, हा समज सोडून द्या. काहींना हलायची मुभा हवी असते आणि काहींना पाय जमिनीला टेकलेला घट्ट आधार. एकाच वर्गात दोन्ही सोयी असणं, एवढाच या प्रकाराचा अर्थ.

चेंडूंबद्दल जे सांगितलं जातं त्याचा पाया किती, तेही पाहा. २००३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. चेंडूवर बसल्यावर मुलं जागेवर जास्त टिकली आणि वाचता येण्याजोगं लेखन वाढलं, हे त्यात खरंच दिसलं. पण तो अभ्यास चौथीच्या एकाच वर्गातल्या तीन मुलांवर होता. तिघांना उपयोग झाला म्हणून ३८ जणांसाठी चेंडू आणायचे नसतात.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट खरेदीची नाही, मोजपट्टीची आहे.

मुलं बाकावर बसलेली असताना खाली वाकून त्यांचे पाय बघा. लोंबकळत असतील, तर तुमची निम्मी चुळबुळ तिथेच आहे. पाय टेकत नाहीत तेव्हा मांडीखाली फळीची कड रुतते, मूल पुढे सरकतं, मग पाठ टेकत नाही, मग ते एक पाय दुमडून त्यावर बसतं, तो पाय बधिर होतो, म्हणून उठतं. हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं आणि आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणतो. तिसरीतल्या मुलाची उंची साधारण १२० ते १३० सेंटिमीटर असते. युरोपात शालेय फर्निचरचं ईएन १७२९ नावाचं मानक आहे. ११९ ते १४२ सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी बैठक जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर आणि टेबल ५९ सेंटिमीटरवर हवं, असं त्यात ठरवलेलं आहे. आपल्याकडे बऱ्याचदा पहिलीपासून सातवीपर्यंत एकाच मापाचे डेस्क-बेंच येतात. बैठक ४२ सेंटिमीटरवर असेल, तर तिसरीच्या मुलाचे पाय सात सेंटिमीटर हवेत राहणार.

यावरचा उपाय वखारीत मिळतो. तीन इंच जाडीचा लाकडी वासा घ्या, बाकाच्या लांबीएवढा कापून घ्या, कडा घासून घ्या आणि पायाखाली आडवा टाका. दोघांना एकच पुरतो आणि वजनामुळे लाथेने फारसा सरकत नाही. विटा ठेवू नका. त्या उलटतात, फुटतात आणि बोटावर पडतात. वासा ठेवल्यावर कोपर पाहा. हात सैल सोडून कोपरात दुमडला की कोपर आणि डेस्कची पातळी जवळपास एक हवी, डेस्क फार तर दोन बोटं वर. खांदे कानाकडे चढत असतील तर डेस्क उंच आहे. तेव्हा बैठकीवर घडी केलेली सतरंजी घाला आणि ती जेवढी जाड, तेवढाच पायाखालचा आधार वाढवा. लाकडी बाकांचे पाय कापायचा मोह होईल, पण ते बाक डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेले असतात. मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीशिवाय करवत लावू नका.

एवढं करून एक आठवडा जाऊ द्या. त्या आठवड्यात तुमच्या पाच-सहा मुलांपैकी तीन निवडा आणि नोंद ठेवा. रोज एक ऐकण्याची वेळ आणि एक लिहिण्याची वेळ, प्रत्येकी २० मिनिटं. दर दोन मिनिटांनी एकदा त्या मुलाकडे बघायचं आणि त्या क्षणी काम चालू असेल तर वहीत बरोबरची खूण करायची. २० मिनिटांत दहा वेळा बघणं होतं, म्हणजे दहापैकी किती ते लगेच कळतं. मूल हलतंय की नाही हे लिहायचंच नाही, फक्त काम चालू आहे का ते. तिघांपेक्षा जास्त मुलं घेऊ नका, शिकवता शिकवता जमत नाही. ही नोंद नसेल, तर पुढे काय उपयोगी पडलं हे कधीच कळणार नाही, कारण नवी जागा पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडते. खरा निकाल नवेपण ओसरल्यावर, तिसऱ्या आठवड्यात दिसतो.

याच आठवड्यात काही गोष्टी तपासून घ्या, ज्यांच्यावर कुठलंही आसन चालत नाही. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं मूल चंचल वाटतं. ऐकू कमी येणारंही तसंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा या मुलांची नावं आधी द्या. बसल्या जागी सतत खाजवणाऱ्या, रात्री नीट न झोपणाऱ्या मुलाला जंत असू शकतात. शाळेत जंतनाशकाची गोळी दिली त्या दिवशी गैरहजेरीमुळे ती चुकली होती का, ते विचारा. सकाळी न खाता येणारं मूल साडेअकराला चुळबुळतं आणि जेवणानंतर ठीक असतं, हा फरक तुमच्या नोंदीत आपोआप दिसेल. आणि ज्याला धडा वाचताच येत नाही, त्याला कुठेही बसवलंत तरी ते उठणारच. त्याला जागा नको, त्याच्या पातळीचा मजकूर हवा.

आता जागांची मांडणी. सगळे बाक हलवू नका. ३८ पैकी दहा जागा वेगळ्या करा: सहा जमिनीवर, चार उभ्याच्या. उरलेल्या २८ मुलांसाठी १६ बाक ठेवा. त्यातल्या १२ बाकांवर दोघं-दोघं आणि चार बाकांवर एकेक मूल. उरलेले तीन बाक बाहेर काढले की खाली बसायला जागा होते, चाचणीच्या दिवशी ते परत आणता येतात. एकट्याचे चार बाक मला या सगळ्या मांडणीत सर्वांत मोलाचे वाटतात. जोडीच्या बाकाची चौकट एकच असते. एकाने पाय हलवला की दुसऱ्याचं अक्षर हलतं, तो तक्रार करतो, पहिला ओरडा खातो आणि मग खरोखरच उठून जातो. दोघांना वेगळं केलं की निम्म्या तक्रारी आपोआप थांबतात, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

जमिनीवरच्या जागा फळ्याच्या बाजूला ठेवा, पण फळ्यापासून किमान सहा फूट सोडून, नाहीतर माना वर करून दुखतात. प्रत्येक मुलाला अडीच फूट बाय अडीच फूट जागा धरा. नुसत्या बस्कर पट्टीवर बसवून मांडीवर वही ठेवायला लावू नका. पाठ वाकते, अक्षर बिघडतं आणि वीस मिनिटांत मूल आडवं होतं. पूर्वी पेढीवर मुनीम वापरायचे तसं बसकं, उतरत्या फळीचं डेस्क करून घ्या. मुलाकडची कड नऊ इंच, समोरची कड बारा इंच, फळी दोन फूट बाय सव्वा फूट, खालच्या कडेला पेन्सिल अडेल अशी बारीक पट्टी. मांडी घातल्यावर गुडघे आत जायला हवेत, म्हणून पुढे आडवी फळी नको. बैठकीला दोन इंच जाडीची घडी दिली की कंबर वर येते आणि पाठ आपसूक सरळ होते. आपली मुलं घरी मांडी घालूनच जेवतात, त्यामुळे ही बैठक त्यांना शिकवावी लागत नाही. मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं तेव्हा जखडलेल्या बाकांऐवजी हलक्या खुर्च्या आणि चटया आणल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला तर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मुलाच्या शरीराला सोसेल तशी शाळा मांडायची, ही आपल्याकडची जुनी जाण आहे. ती व्हिडिओंमधून उसनी घ्यायची गरज नाही.

उभ्याच्या जागेसाठी वेगळं टेबल आणण्याआधी तुमचं स्वतःचं टेबल मोजा. ते बहुधा ७५ सेंटिमीटर उंच असेल. सव्वाशे सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं कोपर उभं राहिल्यावर साधारण तेवढ्याच उंचीवर येतं, म्हणजे शिक्षकाचं टेबल हेच तिसरीतल्या मुलाचं उभं राहून लिहायचं डेस्क आहे. ते फळ्यापुढून काढून बाजूच्या भिंतीलगत, वर्गाच्या पुढच्या अर्ध्या भागात लावा. लांबीच्या बाजूला दोघं मावतात. उभी मुलं अगदी मागे ठेवली तर कोणाच्या आड येत नाहीत हे खरं, पण तुमच्या नजरेतून आणि आवाजातून सुटतात. खाली चार इंच उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा. आळीपाळीने एक पाय त्यावर ठेवला की कंबर दुखत नाही. एका वेळी १५ ते २० मिनिटं उभं राहणं पुरे, नंतर बाकावर.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्या वर्गात उभं राहणं म्हणजे शिक्षा, हे मुलांच्या आणि पालकांच्या मनात खोल रुजलेलं आहे. बाकावर उभं करणं, वर्गाबाहेर उभं करणं त्यांनी पाहिलंय किंवा घरी ऐकलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली, तरी शब्दांचे जुने अर्थ जात नाहीत. खाली बसवण्याचा अर्थ तर त्याहून जड आहे. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागत होतं. ज्या समाजाने वेगळी बैठक अपमानासाठी वापरली, तिथे तुम्ही ठरावीक पाच मुलांना 'तुम्ही खाली बसा' म्हणालात, तर तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी पालकांच्या मनात वेगळंच उमटेल, आणि त्यांची चूक नसेल. म्हणून सुरुवात कधीही त्या पाच-सहा मुलांपासून करू नका. पहिले दोन आठवडे सगळ्या ३८ जणांना पाळीपाळीने दहाही जागा मिळाल्या पाहिजेत. तुम्ही स्वतः एक गोष्ट जमिनीवर बसून वाचा, एक उतारा उभ्याच्या टेबलापाशी तपासा. पालकसभेत हे आधी सांगा आणि पालकांना त्या जागांवर बसवून दाखवा.

पाळीसाठी जाड पुठ्ठ्यावर तीन रकाने आखा: बाक, जमीन, उभं. प्रत्येक मुलाच्या नावाचा कपड्यांचा लाकडी चिमटा करा. सकाळी चिमटे लावले की कोण कुठे, हे बोलावं लागत नाही. नियम तीनच ठेवा. काम बदललं की जागा बदलता येईल, कामाच्या मध्ये नाही. जागेवर गेल्यावर एका मिनिटात काम सुरू झालं पाहिजे. आणि जागा जमत नसेल तर बाई दुसरी देतील, ती शिक्षा नाही. चांगलं वागलास म्हणून उभ्याची जागा, दंगा केलास म्हणून ती बंद, असा व्यवहार एकदाही करू नका. ज्याला त्या जागेची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच हातून ती सर्वांत आधी जाईल. चष्मा जसा बक्षीस म्हणून देत नाही, तसंच हे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जागांवरून भांडणं होतील. दांडगी मुलं आवडीच्या जागा धरतील आणि शांत मुली न मागता मागे राहतील. चिमट्यांचा पुठ्ठा पाहिलात की दोन मिनिटांत लक्षात येईल. त्या आठवड्यात निवड मुलांवर सोडू नका, चिमटे तुम्हीच लावा. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) लावणारं किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं मूल असेल तर त्याला जमिनीच्या पाळीतून सरळ वगळा आणि त्याच्या आवडीची बाकाची जागा कायम द्या. खाली बसताना दोन्ही पाय मागे फाकवून बसायची काहींना सवय असते. ओरडू नका, 'पाय पुढे' एवढं म्हणा. पोटावर झोपून वाचणं दहा मिनिटं चालेल, लिहिणं नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून तुमच्या तीन मुलांना एकेकच बदल द्या आणि नोंद पुन्हा सुरू करा. ऐकण्याच्या वेळी काम वाढलं पण लिहिण्याच्या वेळी घटलं, असं बऱ्याचदा दिसतं. मग ती जागा फक्त ऐकण्यासाठी ठेवायची. लिहिताना शरीराला आधार लागतो आणि ऐकताना हालचाल चालते, हे गणित मोठ्या माणसांनाही लागू आहे.

ज्याला पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, त्याच्या एकट्याच्या बाकाला सायकलची जुनी ट्यूब लावा. बाकाच्या पुढच्या दोन पायांभोवती, जमिनीपासून चार-पाच इंचांवर, ती ताणून बसवायची. २० इंची लहान सायकलची ट्यूब तीन फुटी बाकाला ताणून बसते, मोठ्या सायकलची ढिली पडते. व्हॉल्व्ह आधी कापून टाका, नाहीतर घोट्याला लागतो. कापलेल्या जागी घट्ट दुहेरी गाठ मारा, ट्यूब साबणाने धुवा, वाळवून शंखजिऱ्याची पूड लावा, म्हणजे काळा डाग पडत नाही. मूल दिवसभर पायाने ती दाबत राहतं आणि आवाज अजिबात होत नाही. ट्रकची ट्यूब नको, ती फार कडक असते.

हवा भरायच्या गोल गाद्या मिळतात, सुमारे ३३ सेंटिमीटर व्यासाच्या. त्यांचा उपयोग होतो, पण बाकाची फळी बहुधा १० ते १२ इंचच रुंद असते. गादी कडेबाहेर येते आणि मूल मागे कलंडतं. ती खुर्चीवर किंवा जमिनीवरच वापरा. हवा अगदी कमी भरा. मूल बसल्यावर ते खालच्या जागेपासून जेमतेम दोन बोटं उचललेलं राहिलं पाहिजे. घट्ट फुगवली की तोल सावरण्यातच सगळं लक्ष जातं. चेंडू मात्र घेऊ नका. या वयाला ४५ सेंटिमीटरचा लागतो, तरी बैठक उंचच होते, तो गडगडतो, पंक्चर होतो आणि लिहिताना कोपर टेकत नाही.

फर्निचरशिवायही हालचाल वर्गात आणता येते, आणि ती सर्वांसाठी असावी. दर १५ ते २० मिनिटांनी एक मिनिट: दोन्ही तळहातांनी भिंत ढकलणं दहा आकड्यांपर्यंत, दोनदा. किंवा बसल्या जागी फळीवर तळहात दाबून अंग किंचित वर उचलणं. उठाबशा मात्र काढायला लावू नका. कारण वर उभं राहण्याबद्दल सांगितलं तेच. वह्यांचे गठ्ठे उचलणं, पाण्याची कळशी आणणं, फळा पुसणं ही वजनाची, ओढण्या-ढकलण्याची कामं त्या मुलांना लेखनाच्या आधी द्या, नंतर नाही.

सहा-आठ आठवडे हे सगळं करूनही एखाद्या मुलाच्या नोंदीत फरक पडला नाही, घरीही अगदी तसंच असेल आणि सहा महिन्यांहून जास्त काळ चालू असेल, तर तुमची नोंदवही घेऊन पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा आणि गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना बोलवा. निदानाचा शब्द तुम्ही उच्चारू नका. 'दहापैकी तीन वेळा काम चालू होतं' हे वाक्य डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

आता २५ हजार. १६ बाकांसाठी वासे, सहा बसकी डेस्क, ७५ सेंटिमीटर उंचीचं एक साधं टेबल म्हणजे तुमच्या टेबलासह उभ्याच्या चार जागा होतात, चार हवेच्या गाद्या, दोन ट्यूबा. गावातल्या दोन सुतारांकडून दरपत्रक घ्या आणि आधी एकच डेस्क करून घेऊन मुलाला त्यावर आठवडाभर लिहू द्या. कड रुतते का, फळी डुगडुगते का, हे त्यात कळेल. मगच बाकीची पाच. जे पैसे उरतील ते या सत्रात खर्च करू नका. या वयाची मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. जूनमध्ये मोजलेलं कोपर दिवाळीच्या सुट्टीनंतर थोडं वर गेलेलं असेल, आणि पायाखालचा आधारही तेव्हा पुन्हा मोजून पाहावा लागेल. मोजपट्टी खडूच्या डब्यातच ठेवा.